बेचाळीसचा करार

उकाड्याने माणसाच्या शरीराचं काय होतं, हा माझा आयुष्यभराचा विषय. विद्यापीठात हवामानशास्त्र शिकवते आणि दर उन्हाळ्यात दवाखान्यांत दाखल होणाऱ्यांच्या नोंदी त्या त्या दिवशीच्या हवेशी जुळवत बसते. लोकांना वाटतं, ही बाई पाऊस कधी येणार ते सांगते. टावर चौकातला ज्यूसवालासुद्धा ग्लास हातात देताना विचारतो, "मॅडम, इस बार मानसून कब?" मला ठाऊक नसतं, आणि मग तो माझ्याकडे अशा नजरेने बघतो की घेतलेल्या डिग्र्या परत कराव्याशा वाटतात.

आईचा मात्र माझ्यावर गाढ विश्वास. बाबा बँकेच्या बदलीवर उज्जैनला आले आणि इथलेच झाले. ते गेल्यावर फ्रीगंजच्या घरात आम्ही दोघीच उरलो. तिचा सगळा कारभार दोन गोष्टींवर चाले. तिथी पंचांगाने सांगायची आणि ऊन-पाऊस मी. वर्तमानपत्रात तापमानाचा आकडा छापून येई, पण तो ती वाचत नसे. "घरात असताना बाहेरचा कशाला?" म्हणायची.

भांडण वर्षातून एकदाच व्हायचं, ज्येष्ठातल्या निर्जळा एकादशीला. वर्षभराच्या चोवीस एकादश्यांचं पुण्य एका उपासात, पण पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, तो थेट दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर. आणि उपास कधी, तर माळव्यातली जमीन तव्यासारखी तापते तेव्हा. मी जगाला सांगत फिरायचे की तहान लागायची वाट न बघता पाणी प्या, आणि माझ्याच घरात माझी सत्तरी ओलांडलेली आई कोरड्या तोंडाने विष्णुसहस्रनाम म्हणत बसलेली! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. मी ओरडायचे, रडायचे, एकदा तर जेवणच सोडलं. त्यावर ती म्हणाली, "वा, म्हणजे तुलाही उपास घडला."

शेवटी करार झाला. देवासमोर तिने शब्द दिला की ज्या निर्जळेला उज्जैनचा पारा बेचाळीसच्या वर जाणार असेल, त्या दिवशी ती दुपारी पाणी पिईल. खाली असेल तर मी तोंड उघडायचं नाही. "बस, पक्कं. आता दर साल किटकिट नको करूस," ती म्हणाली. निर्जळेच्या आसपास आमच्याकडे पारा बहुतेक वेळा बेचाळीसची वेस ओलांडतो. मी मनात हसले होते. पुढची काही वर्षं करार माझ्या बाजूने चालला. ती दुपारी कुरकुरत दोन भांडी पाणी प्यायची आणि देवाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "मुलीमुळे हो, माझ्या मनात नव्हतं."

त्या वर्षी एकादशी उशिरा आली. आभाळ दोन दिवसांपासून भरून आलेलं, पाऊस नाही, वारं नाही. दोरीवरचे कपडे संध्याकाळपर्यंत ओलेच. सकाळी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. न्हालेली, काठाचं लुगडं नेसलेली.

"आज किती जाणार?"

माझ्या तोंडून खरं तेच आलं. "एकोणचाळीस."

तिचा चेहरा असा उजळला, की परीक्षेत पहिली आलेली पोर वाटावी. "बघ! यंदा देवाने स्वतःच थंड केलंय."

मी तिला बसवलं आणि समजावू लागले. आम्ही हवा मोजतो तेव्हा दोन थर्मामीटर ठेवतो. एक कोरडा आणि दुसऱ्याच्या पाऱ्याच्या फुग्याभोवती ओलं फडकं गुंडाळलेलं. हवा कोरडी असली की फडक्यातलं पाणी उडतं आणि तो थर्मामीटर गार होतो. आपलं अंगही तसंच घाम उडवून गार होतं. पण हवा दमट असेल तर घाम उडतच नाही, नुसता वाहतो. "आई, आजचा एकोणचाळीस हा बेचाळीसपेक्षा वाईट आहे."

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "करारात फडकं होतं का?"

"नव्हतं, पण..."

"मग झालं तर. शब्द म्हणजे शब्द. तू पण आपल्या शब्दावर राहा न." आणि माझ्या गालाला हात लावून ती आवरायला गेली.

ती दरवर्षी एकादशीला देवास गेटच्या बसस्टँडवर पाण्याचे माठ भरून ठेवायची आणि उतरणाऱ्या प्रवाशांना वाळ्याचं सरबत वाटायची. त्या दिवशीही ई-रिक्षाने गेली आणि सकाळभर दुसऱ्यांचे पेले भरत उभी राहिली. दुपारी घरी आली, खोलीची खिडकी गारवा बाहेर जाऊ नये म्हणून घट्ट लावली आणि कूलर सुरू करून त्याच्या पुढ्यात आडवी झाली. आमच्या कोरड्या माळव्यात कूलर देवासारखा धावून येतो. पण दमट दिवसात, बंद खोलीत, तो हवेत आणखी पाणीच ओततो. खिडकी उघडी ठेवायची असते. इथे जन्म काढलेली माणसंही ही चूक करतात, कारण असे दिवस पूर्वी फारसे यायचेच नाहीत.

खालच्या मजल्यावरच्या भाभींचा फोन आला तेव्हा मी विद्यापीठात होते. "दीदी, जल्दी आओ, माँजी बहकी-बहकी बातें कर रही हैं." मी पोचले तर आईचं अंग चटका बसावा इतकं तापलेलं, आणि ती बाबांना बँकेचा डबा घ्यायला बजावत होती.

दवाखान्यात बर्फ, ओल्या चादरी, दोन्ही हातांना सलाइन. संध्याकाळी ती बरीच भानावर आली. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडांवर ताण पडलाय, पण शुद्ध चांगली आहे, तोंडाने घोटघोट पाणी द्या. मी चमचा पुढे केला. तिने ओठ मिटून घेतले.

"आई, पी."

"नळीतून जातंय ते मी प्यायले नाही," ती पुटपुटली. "तोंडाने नको. उजाडलं का?"

त्या खोलीला खिडकी नव्हती. दिवसरात्र ट्यूबलाइटचा तोच पांढरा उजेड. तिचे ओठ फुटलेले, जीभ टाळ्याला चिकटलेली. बाहेर तर भेटायला येणाऱ्यांची संध्याकाळची वेळ चालू होती.

"हो," मी म्हटलं. "द्वादशी लागली, आई. पारणं कर."

"सूर्य?"

"उगवलाय. मी बघून आले."

तिने सुया टोचलेले हात जमेल तेवढे जोडले आणि पाणी प्यायली. एक चमचा, मग दुसरा, मग पेल्यालाच तोंड लावलं. एवढ्या अधाशासारखं पाणी पिताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "गोड लागतंय गं," म्हणाली आणि डोळे मिटले. मला इतकं भरून आलं, की वाटलं, वाचली.

पण मूत्रपिंडांनी दाद दिली नाही. खरी द्वादशी उजाडायच्या थोडी आधीच ती गेली.

इंदूरहून मावशी आली. रडता रडता सगळ्यांना सांगत होती, "निर्जळा घडली आणि गेली. असं मरण मागून मिळत नाही." सांत्वनाला आलेल्या बायका माना डोलवत होत्या. मी भिंतीला टेकून बसले होते आणि मला त्या पुण्याचा संताप येत होता. देवाचा येत होता, करारातल्या त्या एका आकड्याचा येत होता.

मग मावशीने मला जवळ ओढलं आणि हळूच विचारलं, "खरं सांग बाळ, उपास मोडला नाही ना तिचा? मधे पाणी नाही ना घेतलं?"

"नाही," मी म्हटलं. "नेमाने झालं सगळं."

मावशीने समाधानाने डोळे पुसले. मी उठून न्हाणीघरात गेले, कडी लावली आणि पोटभर रडले. आईशी खोटं बोलले, मावशीशी बोलले, जीभ जरासुद्धा अडखळली नाही. सकाळी स्वयंपाकघराच्या दारात ती उभी होती तेव्हा फक्त 'त्रेचाळीस' म्हणायचं होतं. तिने कुरकुर केली असती, देवाकडे माझी तक्रार केली असती आणि दुपारी पाणी प्यायली असती. मी सांगितलेला आकडा तिने उभ्या जन्मात कधी दुसऱ्या कुणाला विचारून पाहिला नव्हता.