अंजनाबाई बसल्या की गाडी अडे

दौलतरावांची सारी नोकरी विजेच्या खांबांवर गेली. लाईनमन माणूस; अनसिंगच्या शिवारात रात्री-बेरात्री लाईट गेली, की लोक आधी त्यांचंच दार ठोठावत. ते निवृत्त झाले आणि त्याच साली त्यांच्या बायकोचे, अंजनाबाईंचे, गुडघे गेले.

शेत गावापासून लांब. वाट पांदणीची, काळ्या मातीची, चाकोऱ्या पडलेली. बैलगाडीत अंजनाबाईंना चढता येईना, मोटरसायकलवर पाय टाकता येईना, ऑटोवाला पांदणीत घुसायला तयार नाही. ज्या बाईनं त्या शेतात हळदीची पहिली बेणी आपल्या हातानं लावली, तिला दोन वर्षं शेताचं तोंड दिसलं नव्हतं.

दौलतरावांनी मग गाडीच बनवायला घेतली. भंगारातून जुन्या मारुतीचं इंजन आणलं. वेल्डिंगच्या दुकानवाल्या रतनसिंगनं पाईपचा सांगाडा जोडून दिला. इंजन मागे, चाबी पुढे, दोन सीटा. डावी सीट मुद्दाम ओट्याएवढ्या उंचीची ठेवली. टेकलं की बसलं. छप्पर नाही, दारं नाहीत. सडकेवर न्यायची नव्हतीच, पांदणीपुरती होती. गाव हसलं, पण दौलतराव एकटेच पांदणीनं चक्कर मारून आले तेव्हा गाव चूपही झालं.

दुसऱ्या दिवशी अंजनाबाई ठेवणीतलं निळ्या काठाचं लुगडं नेसून बसल्या. शेजारणी दारात आल्या. हापशीपर्यंत गाडी बरी गेली आणि मग ठसके देऊ लागली. फट्, फट्... बंद. अंजनाबाई उतरल्या. दौलतरावांनी चाबी फिरवली, तर इंजन एका दमात चालू, आवाजही गोड. त्या पुन्हा बसल्या, पुन्हा ठसके.

"मिसिंग मारून राह्यली," रतनसिंग म्हणाला. त्यानं प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, टाकी रिकामी करून पेट्रोलात पाणी आहे का पाहिलं. मग स्वतः नाल्यापर्यंत पळवून आणली. "दौलतभाऊ, वाघ हाये गाडी, वाघ!"

त्या वाघानं अंजनाबाईंना घेऊन नाला गाठला आणि ऐन चिखलात मान टाकली. मागोमाग पायी आलेल्या रतनसिंगच्या खांद्याचा आधार घेत, एकेक पाऊल कण्हत, त्या घरी परत आल्या. कोणीतरी पाठीमागून हसल्याचं त्यांनी ऐकलं होतं.

"आता मले नाई यायचं," ओसरीवर टेकताच त्या म्हणाल्या. "मी बसली का अडते ते. तुमी एकटे जा."

"अवं, इंजनाले काय समजते, कोन बसलं ते?"

"मंग माह्याच वक्ताले काहून अडते?"

पायगुण, अपशकुन हे सगळं दौलतरावांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच घराबाहेर टाकलं होतं. अंजनाबाईही तसल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या. पण दुखऱ्या गुडघ्यांची बाई, त्यात चारचौघांत झालेलं हसं. तिच्या तोंडून ते निघून गेलं. दौलतरावांना गाडी अडल्यापेक्षा ते जास्त लागलं.

सकाळी चहा घेताना मात्र त्यांच्या मनात आलं, की बायको म्हणते ते खरंच आहे. नोकरीत त्यांना एखादी म्हातारी सांगायची, "वारा सुटला का माही लाईट जाते." तिला वेड्यात काढणारा दिवसभर खांब चढत बसायचा. तिचं ऐकणारा सरळ सैल जोडाकडे जायचा.

त्यांनी गाडी अंगणात चालू केली. "अंजने, ये. तू खरं बोलली काल."

"काय खरं बोलली?"

"तू बसली का अडते. आता बस."

त्या नाराजीनं बसल्या. इंजन ठसकलं.

"ऊठ."

इंजन सुरळीत.

"बस. जराशी हाल."

फट्, फट्.

दौलतराव घरात गेले, सोयाबीनचं पोतं फरफटत आणलं आणि डाव्या सीटवर टाकलं. इंजन तसंच ठसकू लागलं. त्यांनी पोतं हलवलं, तसं ते बंदच पडलं.

अंजनाबाई पोत्याकडे पाहत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "म्हंजे हे पोतं बी अपशकुनीच म्हना की!" आणि इतक्या हसल्या, की डोळ्यांत पाणी आलं.

दौलतरावांनी सीटखाली हात घातला. चाबीपासून मागच्या, इंजनाला ठिणगी देणाऱ्या कॉइलपर्यंत जाणारी तार तिथूनच नेली होती. वरून धड दिसत होती, पण बोटांनी चाचपली तर एका जागी लिबलिबीत लागली. आतलं तांबं तुटलेलं. टोकं एरवी एकमेकांना टेकून असत, आणि सीट वजनानं दबून तार ताणली की सुटत. एकट्यानं गाडी चालवताना ती सीट रिकामीच असे. रतनसिंगही एकटाच गेला होता.

"मीच ओढली होती ही तार," ते म्हणाले. "तुह्या वजनाचा काई दोष नाई."

"वजनाचं नाव काढू नका आता," अंजनाबाई म्हणाल्या, पण तोंडावरचं हसू गेलं नव्हतं.

नवी तार त्यांनी वरच्या पाईपवरून नेली. जेवणं उरकून दोघं निघाले. हापशी गेली. नाला आला तेव्हा अंजनाबाईंनी डोळे मिटून पाईप घट्ट धरला. डोळे उघडले तर गाडी पलीकडच्या चढावर होती. त्यांनी सोडलेला श्वास दौलतरावांना इंजनाच्या आवाजातही ऐकू आला.

शेतात हळद कमरेला लागत होती. अंजनाबाई सीटवरूनच वाकल्या, एक पान चुरगाळून त्याचा वास घेतला आणि लगेच बांधाकडे बोट केलं. "अवो, तिकडं किती गवत माजलं! कोनी पाहत नाई काय?"

दौलतराव विळा घेऊन उतरले.