तुकडा नव्हे, अख्खं कापड

मी चौथीपर्यंत शिकलो. पण सोलापुरात चाळीस वर्षं हातमागावर बसलो, त्यामुळे कापडाबद्दल मला कोणी अक्कल शिकवू नये. मुलगा इंग्लंडात लीड्सला डॉक्टर, म्हणून मी इथे.

शेजारची बाई बोलिव्हियाची, मुलाच्याच हॉस्पिटलात साफसफाई करते. नातवंडांचं ऐकून मला ‘आजोबा’ म्हणते; बाकी दोघांचं मोडकंतोडकं इंग्रजी. ती सांगत आली, एवढ्या मोठ्या सरकारी म्युझियममध्ये तिच्या देशाचं एकच विणकाम, आणि पाटी काय, तर ‘कापडाचा तुकडा’! तिने दोनदा ईमेल केला. उत्तर आलं, अभिप्रायाबद्दल आभार.

म्हटलं, चल, मी बघतो.

काचेला नाक लावून बघितलं. कापलेल्या कापडाला दशा सुटतात. इथे चारही बाजूंना धागा वळून परत आत गेलेला. म्हणजे मागावरच चारी काठ पुरे केलेले. मला जन्मात असं जमलं नाही, खोटं कशाला सांगू!

‘‘अगं, हे तर अख्खं आहे!’’

‘‘मग मी काय सांगतेय, आजोबा? माझी आई असंच विणायची. कात्री लावू द्यायची नाही.’’

पहारेकरी म्हणाला, ‘‘सर, काचेपासून लांब.’’

‘‘पाटी लिहिणाऱ्याला बोलवा, मग होतो लांब.’’

अर्ध्या तासाने एक मॅडम आल्या. ‘‘आमच्या तज्ज्ञांनी ठरवलंय.’’

‘‘तज्ज्ञ मागावर बसलेत का कधी?’’

त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही. शेवटी वाकून त्यांनी एकेक काठ बघितला आणि ‘‘बघते’’ म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी गेलो तर काचेचं कपाट रिकामं! आत चिठ्ठी : अभ्यासासाठी काढले आहे.

‘‘झालं समाधान?’’ बाई चिडली. ‘‘चुकीच्या नावाने का होईना, होतं तरी.’’

घरी मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, आता पुरे.’’ पुरे कसलं? वस्तू म्युझियमवाल्यांनी काढायची आणि गप्प मी बसायचं?

दर गुरुवारी बसने जातो. काउंटरवरची पोरगी मला बघूनच म्हणते, ‘‘अजून नाही, सर.’’ बाई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. या गुरुवारी मात्र कोट घालून स्टॉपवर माझ्या आधीच उभी.

‘‘आज तुम्ही तोंड उघडायचं नाही, आजोबा. कापड माझं आहे. मी विचारते.’’

म्हटलं, विचार. पण मोठ्याने विचार.