एका हातानं चालवलेला बँड

एका शुक्रवारी सकाळी क्लिनिकला निघतानाच डोलोरेसचा फोन आला. "म्हातारा गेला. झोपेतच," एवढंच म्हणाली. ऑरेस्तेसना जाऊन आता सहा आठवडे झाले.

ऑरेस्तेस मला भेटले ते पेशंट म्हणून. २००४च्या हिवाळ्यात. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत मी फिजिओथेरपिस्ट आहे. पक्षाघातानं त्यांचा डावा हात लुळा पडला होता. विशीत हवानाहून न्यूयॉर्कला आलेला हा माणूस. दिवसा गोदामात खोकी उचलली, संध्याकाळी कोंगा, म्हणजे तळहातांनी वाजवायचा उंच ढोल, वाजवला आणि चाळिशीत स्वतःचा अकराजणांचा बँड उभा केला. क्यूबाचे ताल, त्यावर जाझचे ट्रम्पेट नि सॅक्सोफोन. मी नागपूरची, मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "उन्हाळ्यात पार्कमध्ये प्रोग्रॅम आहे. हात येईल ना?"

"कप धरता येईल. ढोल नाही."

दोन आठवडे ते फिरकलेच नाहीत. आले ते थेट म्हणाले, "बँड बंद करतोय." मला राग आला. म्हटलं, "अकरा माणसं फक्त तुमच्या दोन हातांवर उभी होती का?" ते हळूच म्हणाले, "एक मुलगी आहे. डोलोरेस. माझ्याकडेच ढोल शिकली. सहा वर्षांपूर्वी, ताल सोडते असं म्हणून मी तिला काढून टाकलं."

क्लिनिकमधूनच त्यांनी फोन लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती. "मी ऑरेस्तेस... हो, आहे जिवंत... नाही, तू ताल सोडत नव्हतीस. तुला टाळ्या जास्त पडायला लागल्या, म्हणून काढलं. चुकलो मी." फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले. "येते म्हणाली. पण मी घरी बसायचं नाही, समोर उभं राहायचं, ही अट."

त्या उन्हाळ्यात मी पार्कमध्ये पहिल्या रांगेत होते. लोकांकडे पाठ करून, एका उजव्या हातानं त्यांनी सगळा बँड चालवला. डोलोरेसचं एकटीचं वाजवणं सुरू झालं तसे ते बाजूला सरकले, लोकांकडे वळले आणि तिच्याकडे बोट दाखवून उभे राहिले. टाळ्या थांबेनात. त्यानंतरची, शेवटपर्यंतची चार वर्षं त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात चांगली, असं त्यांचे जुने साथीदारच सांगतात. मला ते पटतं.

गेल्या रविवारी रिहर्सलला गेले होते. चर्चचा लाकडी जमिनीचा हॉल. बँडच्या पुढ्यात एका जागी पॉलिश उडून लाकूड पांढरं पडलंय. ऑरेस्तेस तिथे उभं राहून उजव्या टाचेनं ठेका धरायचे.

"चर्चवाले पॉलिश करून देणार होते," डोलोरेस म्हणाली. "मी नको म्हटलं."

त्या जागेला वळसा घालून ती ढोलापाशी गेली आणि बँड सुरू झाला.