हनीफची कबर कुणाच्या पाण्यात

मरियमबी मूळची हर्णैची. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर उम्म अल कुवैनला आली तेव्हा अमिरात नावाचा देश नव्हता. किनाऱ्यावर शेखांच्या वेगवेगळ्या रियासती होत्या, त्यांच्या डोक्यावर इंग्रजांचा हात होता आणि बाजारात रुपयेच चालायचे. साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. तिकडे बायकोला सोबत नेणारे कोकणी तेव्हा विरळाच. पण हनीफने हट्ट धरला. "ती हर्णैला आणि मी इथे, हे आपल्याला नाय जमणार," असं त्याने मरियमबीच्या थोरल्या भावाला, खैरुद्दीनला, साफ सांगितलं होतं.

खैरुद्दीन एका अरब व्यापाऱ्याच्या लाँचवर तांडेल होता, लाँच त्याच्या हुकमाने चालायची. त्याच लाँचवर हनीफ इंजिन सांभाळायचा. खाडीच्या काठी खजुराच्या झावळ्यांचं घर, बाहेर चूल, आणि पाण्याला लांबच्या विहिरीवर जायचं. मरियमबी त्या विहिरीवरच अरबी शिकली. शेजारच्या बायका तिच्या उच्चारांना हसायच्या आणि हसता हसता दुरुस्त करायच्या. पुढे त्यांचे कपडे तीच शिवू लागली. मुलगी झाली तेव्हा त्याच बायका बाळंतपणाला आल्या. मुलीचं नाव बानू ठेवलं.

अडुसष्ट सालच्या सुरुवातीला बातमी आली की इंग्रज थोड्याच वर्षांत हा किनारा सोडून जाणार. त्याआधीच समुद्राखाली तेल शोधणारी जहाजं येऊन गेली होती. आता मात्र प्रत्येकाला घाई झाली. पलीकडे इराण, इकडे शेख, आणि शेखांचंही आपापसांत एकमत नव्हतं. अबू मुसा आणि तुंब या बेटांवरचे दावे जुनेच होते. त्यांची चर्चा चहाच्या टपरीवर रोज व्हायची. पण ज्या वाळूच्या उंचवट्यांना कुणी धड नावही दिलं नव्हतं, जिथे दोन्हीकडचे कोळी फक्त जाळी वाळवायला थांबायचे, त्यांच्यावरही आता हक्क सांगितले जाऊ लागले. आपल्या गोष्टीतलं बेट असंच. नकाशात शोधलं तर सापडायचं नाही.

खैरुद्दीनच्या लाँचला तेल शोधणाऱ्या एका जहाजावर गोडं पाणी आणि शिधा पोचवायचं काम मिळालं होतं. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात अशाच एका फेरीवरून परतताना हनीफच्या पोटात दुखू लागलं. आधी त्याने कुणाला सांगितलं नाही. मग तो इंजिनाशेजारीच वाकून बसला. खैरुद्दीनने त्याला वर आणून सावलीत निजवलं आणि लाँच सरळ दुबईच्या दिशेने वळवली. तिथे इस्पितळ होतं.

वाटेत ते वाळूचं बेट लागतं. तिथे गस्तीच्या बोटीने त्यांना अडवलं. बोट पलीकडच्या किनाऱ्याची होती.

"आमच्या पाण्यात कुणाच्या परवानगीने आलात?" अधिकाऱ्याने तोडक्या अरबीत विचारलं.

"साहेब, आजारी माणूस आहे," खैरुद्दीन म्हणाला. "आम्ही नेहमी इथूनच जातो."

"नेहमीचं आता विसरा. वायरलेसवर विचारतो. उत्तर येईपर्यंत बेटाजवळ नांगर टाका."

अधिकारी दुष्ट नव्हता. हनीफला पाहून त्याने गोळ्या पाठवल्या, बर्फाचं पाणीही पाठवलं. पण लाँच सोडण्याचा अधिकार त्याला नव्हता. ऊन चढत गेलं. दुपारी तेल कंपनीचीच एक वेगवान बोट दूरवर दिसली. खैरुद्दीनने टपावर चढून पंचा हलवला, जिवाच्या आकांताने ओरडला. बोट पाण्यात तरंगणाऱ्या एका लाल बोयापाशी येऊन थांबली. वाद मिटेपर्यंत त्या बोयापुढे जायचं नाही, असा त्यांना हुकूम होता.

"एका माणसाला फक्त उचलून न्या!" खैरुद्दीन ओरडला.

भोंग्यातून उत्तर आलं, "त्यांना म्हणावं बोयापर्यंत आणून द्या. आम्हाला पुढे यायची परवानगी नाही."

गस्तवाल्यांनी ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली. बोयापर्यंत माणूस नेऊन दिला तर बोया ही हद्द आहे असं आपण मान्य केलं, असं होईल. वायरलेसवर विचारायला हवं. थोड्या वेळाने कंपनीची बोट वळून निघून गेली.

हनीफ शेवटपर्यंत शुद्धीवर होता. बानूला शाळेत घाल, एवढं तो बोलला. मग कलमा पुटपुटत राहिला, आणि सूर्य बुडायच्या आधीच गेला.

वायरलेसचं उत्तर आलं तेही "बोट थांबवून ठेवा" एवढंच. त्या उन्हाळ्यात मय्यत ठेवणं शक्य नव्हतं. खैरुद्दीनने अधिकाऱ्याकडे दफनाची परवानगी मागितली आणि ही परवानगी मात्र लगेच मिळाली. गस्तीच्या बोटीवरचे खलाशी फावडी घेऊन उतरले. त्यांनीही खड्डा खणला, किनाऱ्यावरचे दगड वाहून आणले, नमाजाला मागे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी लाँच सोडून दिली.

लाँच खाडीत शिरली तेव्हा मरियमबी विहिरीवरून परतत होती. लाँचवर हनीफ दिसला नाही. खैरुद्दीन उतरून तिच्यासमोर उभा राहिला. तिनेच डोक्यावरचा डबा खाली ठेवला आणि विचारलं, "भाई, कुठे ठेवून आलास त्याला?"

ती इद्दतीला, नवरा गेल्यावर पाळायच्या चार महिने दहा दिवसांच्या एकांताला, बसली. याच काळात दुभाषा मुनीर घरी आला. मुनीर श्रीवर्धनचा, तेल कंपनीच्या कचेरीत कामाला. स्वभावाने भला माणूस. खैरुद्दीन शेजारी बसला आणि मरियमबी पडद्याआडून बोलली.

"भाभी, कंपनीला आणि इकडच्या सरकारला मोठा अफसोस आहे," मुनीर म्हणाला. "आपल्याला राहायला पक्कं घर देणार म्हणतात. बस, एक बयान हवंय. इंग्रज ऑफिसरसमोर सांगायचं की हनीफभाई इकडचे रहिवासी होते, इकडच्या हुकमाने त्या बेटावर गेले आणि त्यांना इकडच्या जमिनीत दफन केलं. केस स्ट्राँग होते."

"केस?"

"बेटाची केस, भाभी. तिकडचेही म्हणतायत ना, आमच्या परवानगीने, आमच्या खलाशांनी कबर खणली, म्हणजे जमीन आमची. कबर म्हणजे मोठा पुरावा असतो."

पडद्यामागून मरियमबी म्हणाली, "मुनीरभाई, त्याच्या पोटात कळा येत होत्या तेव्हा परवानगी कुणाकडेच नव्हती. आता दोघांकडे आहे?"

मुनीरने आणलेला बयानाचा कागद घडी करून परत खिशात ठेवला.

"इद्दत संपू दे," ती म्हणाली. "मग मला कबरीवर न्या. फातिहा वाचल्याशिवाय मी कुणाला काही सांगणार नाही."

मुनीर गेल्यावर खैरुद्दीनने तिला समजावलं. "मरियम, घर मिळतंय. बानूचा विचार कर. चार शब्द तर बोलायचेत." त्याच्या लाँचचं कामही त्या कंपनीवरच होतं, हे तो बोलला नाही, पण तिला ते ठाऊक होतं. ती "बघू" एवढंच म्हणाली.

इद्दत संपून हवा थंड झाल्यावर, बोयापुढे जायची त्या दिवसापुरती परवानगी काढून, तिला नेलं. कंपनीची बोट, त्यात इंग्रज अधिकारी, शेखांचे पहारेकरी, मुनीर, खैरुद्दीन आणि काळ्या ओढणीतली मरियमबी. तिने घरून उदबत्त्या आणि गुलाबपाण्याची बाटली आणली होती. आयुष्यात पहिल्यांदाच ती ते बेट पाहत होती. एखाद्या मोठ्या अंगणाएवढी वाळू, थोडं खुरटं गवत, आणि समुद्रपक्ष्यांची विष्ठा.

कबरीच्या उशाशी लोखंडी खांब रोवलेला होता. त्यावर पलीकडच्या किनाऱ्याचा झेंडा. शेजारी वाळूत आणखी एक खांब मोडून पडला होता. तो इकडच्यांचा, कधीतरी आधी लावून गेलेला. मरियमबी जवळ गेली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की उभा खांब हलू नये म्हणून त्याच्या बुंध्याशी दगड ठासले होते आणि ते दगड कबरीवरचे होते. एका बाजूने कबर उघडी पडत चालली होती. वाळूत पायऱ्या पडल्यासारखे बुटांचे ठसे होते.

"मी स्वतः रचले होते गं," खैरुद्दीन म्हणाला. "एकेक करून."

मरियमबीने उदबत्त्या बाजूला ठेवल्या. ती गुडघ्यांवर बसली आणि खांबाच्या बुंध्याचे दगड एकेक ओढून काढू लागली. दगड मोठे होते. मुनीर मदतीला पुढे झाला, पण तिने हाताने नको म्हटलं. मग खैरुद्दीन आला, त्याला तिने नाही म्हटलं नाही. दोघं भावंडं दगड उचलून कबरीवर परत ठेवत होती. बुंधा मोकळा झाला तसा खांब कलंडला आणि झेंड्यासकट वाळूत पडला.

पहारेकऱ्यांमध्ये एकदम हालचाल झाली. एकजण खूश होऊन "शाबास!" म्हणाला. दोघं धावत बोटीकडे गेले आणि आपला झेंडा, नवा खांब घेऊन आले. कबरीच्या उशाशी, त्याच खड्ड्यात ते खांब उतरवू लागले.

मरियमबी उठली आणि त्या खड्ड्यात पाय सोडून बसली.

"तुमचाही नको," ती अरबीत म्हणाली.

पहारेकरी गोंधळले. त्यांच्यातला वयस्कर माणूस चिडून म्हणाला, "बाई, इकडच्या किनाऱ्यावर राहतेस तू. इकडचं अन्न खातेस."

"खाते. त्याचं ऋण मानते. झेंडा लावायचा तर तिकडे टोकाला लावा, सगळी वाळू मोकळी आहे. माझ्या नवऱ्याच्या डोक्याशी नको."

"डोक्याशी लावला तरच उपयोग आहे, भाभी," मुनीर हळूच मराठीत म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर शरम होती.

इंग्रज अधिकाऱ्याने मुनीरला विचारलं, ही काय म्हणते? आणि बयानाचं काय?

"सांगते बयान," मरियमबी म्हणाली. तिने ओढणी सारखी केली आणि तिथेच बसून, अरबीत, सगळं सांगितलं. लाँच नेहमीच्या वाटेने येत होती. पलीकडच्यांनी अडवलं. इकडची बोट आली, बोयापाशी थांबली आणि परत गेली. मरेपर्यंत त्याला कुणी हलवलं नाही. मेल्यावर पलीकडच्या खलाशांनी खड्डा खणला, दगड वाहिले, नमाज पढली. "त्यांना अल्ला त्याचं फळ देवो. पण जमीन कुणाची हे मला माहीत नाही. हनीफलाही माहीत नव्हतं. त्याला दुबईला जायचं होतं."

मुनीरने सगळं इंग्रजीत करून सांगितलं, काही गाळलं नाही. अधिकाऱ्याने टोपी काढून हातात घेतली आणि थोड्या वेळाने पहारेकऱ्यांना बोटीत जाऊन बसायला सांगितलं. मग मरियमबीने कबरीवर गुलाबपाणी शिंपडलं. वाऱ्यामुळे उदबत्ती पेटेना. खैरुद्दीनने ओंजळीचा आडोसा केला तेव्हा कुठे पेटली. दोघांनी फातिहा वाचली. परत येताना ती बोटीत रडली, हनीफ गेल्यापासून पहिल्यांदाच, मोठ्याने, भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून.

ते बयान कुणाच्याच कामाचं नव्हतं. पक्कं घर मिळालं नाही. खैरुद्दीनच्या लाँचचं पाण्याचं कामही गेलं, आणि काही महिने तो बहिणीशी तुटक बोलत असे. मग तो फुजैराकडे मच्छीच्या लाँचवर गेला. आठवड्याला घरी आला की बानूसाठी काहीतरी आणायचा, आणि एकदा जेवता जेवता स्वतःहूनच म्हणाला, "बरं केलंस तू." मुनीरने कचेरीतली नोकरी सोडली नाही, पण बानूला दुबईतल्या शाळेत जागा त्यानेच मिळवून दिली.

हर्णैहून सासूचा निरोप आला होता, पोरीला घेऊन ये. मरियमबी गेली नाही. खाडीच्या काठी तिने खलाशांसाठी जेवण रांधायला सुरुवात केली. त्या बेटाकडे जायला आता कुठल्याच बोटीला मुभा नव्हती. कबरीची खबर हवी तर समुद्रावरून येणाऱ्या माणसांनाच विचारावं लागे, आणि अशी माणसं तिच्या चुलीशी येत.

सत्तर साल सरायच्या सुमाराला वली नावाचा एक म्हातारा नाखवा जेवायला बसला. तो पलीकडच्या किनाऱ्यावरचा, सुकं लिंबू आणि कांदे घेऊन आलेला. जेवता जेवता त्याने विचारलं, "हनीफची बायको ती तूच का?"

तिने हात पुसले. "हो."

"वादळात वाऱ्याकडची वाळू सरकली होती. आम्ही जाळी सोडवायला थांबलो तेव्हा दिसलं. मी आणि पोरांनी दगड रचले. थोडे लांबून आणले, मोठे आहेत." तो थांबला. "थांबायला बंदी आहे. पण अशी कबर टाकून जाता येत नाही."

मरियमबीने त्याच्या ताटात आणखी भात वाढला, सुरमईचा मधला तुकडा वाढला. पैसे घेतले नाहीत. निघताना गुलाबपाण्याची एक बाटली कापडात गुंडाळून त्याच्या हाती दिली.

"झेंडा आहे का तिथे?" तिने विचारलं.

"आता कुणाचाच नाही," वली म्हणाला. "खांब गंजून गेलेत."

पुढचा एक हंगाम तो येत राहिला आणि प्रत्येक वेळी कबर ठीक असल्याचं सांगत राहिला. त्यानंतर त्याची बोट आली नाही. पलीकडून येणाऱ्या प्रत्येक नाखव्याला मरियमबी वलीबद्दल विचारायची. कुणी म्हणे आजारी आहे, कुणी म्हणे बोट विकली. नक्की कुणालाच सांगता आलं नाही.