शिक्षण पूर्ण केल्याबद्दल

माझं शिक्षण पूर्ण झालं ही बातमी मला आमच्या गावच्या स्टँडवर, एसटीतून उतरल्या उतरल्या कळली. पानटपरीच्या वर फ्लेक्स लागला होता. मधोमध तात्यांचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा, हात जोडलेला फोटो, आणि खाली कोपऱ्यात मी, कॉलेजच्या ओळखपत्रावरची. ‘वेबसाईटचे शिक्षण पूर्ण केल्याबद्दल आमच्या कन्येचे हार्दिक अभिनंदन.’ तात्या त्या वर्षी सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहायच्या विचारात होते आणि अभिनंदन करण्यासारखं भावकीत दुसरं काही घडत नव्हतं.

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. कारण सांगते. बी.एस्सी. झाल्यावर घरात स्थळांचा विषय निघाला, तेव्हा आण्णांनी, माझ्या वडिलांनी, तो एका वाक्यात मिटवला होता. “पोरगी शिकतीय तवर न्हाई.” या एका वाक्याच्या जोरावर मी केडगावला आत्याकडे राहून वेब डेव्हलपमेंटचा क्लास करत होते. आण्णा दिलेला शब्द पाळतात, आणि पाळताना तो शब्दशः पाळतात. शिकतेय तोवर नाही, म्हणजे शिकून झालं की हो. आता शिकून झाल्याचं स्टँडवर, एसटीतून खाली डोकावणाऱ्यालाही दिसेल एवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

खरं तर मला तेव्हा काय येत होतं? एक चौकोन पानाच्या बरोबर मधे आणायचा म्हटलं तर अर्धा दिवस जायचा. तो कधी डावीकडे पळे, कधी खाली जाऊन बसे, आणि मधे आलाच तर कशामुळे आला ते मला सांगता येत नसे. म्हणून मी त्याला पुन्हा हात लावत नसे. तरीही मी एक पान तयार केलं होतं. आमच्या लिंबाच्या बागेचं. श्रीगोंदा तालुक्यात लोकांकडे ऊस असतो, आमच्याकडे लिंबं आहेत, आणि आण्णांचा त्या झाडांवर आमच्यापेक्षा थोडा जास्तच जीव आहे. पान झाल्यावर मला राहवलं नाही. पडद्यावर वरच्या पट्टीत दिसत होती ती लिंक उचलली आणि भावकीच्या ग्रुपवर टाकली.

आमच्या ग्रुपची एक रीत आहे. काहीही आलं की आधी अभिनंदन करायचं. वाढदिवस, बदली, नवा ट्रॅक्टर, नातवाचं जावळ, सगळ्याला एकच हार आणि एकच गुच्छ. आलेलं उघडून बघणं हा जरा आगाऊपणाच समजला जातो. चहा होईपर्यंत माझ्यावर फुलांचा नुसता वर्षाव झाला. पुण्याच्या एका काकूंनी तर लिहिलं, ‘खूपच सुंदर पेज, रंगसंगती फार आवडली.’ पानाला रंग द्यायला मी अजून शिकायची होते. ते पांढरं होतं.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये सरांना तीच लिंक दाखवली, तर ते इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मी पाठवलेला पत्ता माझ्या लॅपटॉपच्या आतला होता. तो माझ्या लॅपटॉपवरच उघडणार. जगात दुसऱ्या कुणालाही, अगदी शेजारच्या खुर्चीवर बसलेल्यालाही, ते पान दिसणं शक्य नव्हतं. आणि तरी आख्ख्या भावकीला ते आवडलं होतं.

मी तिथूनच तात्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“अगं, पर फ्लेक्स छापायला गेलाय,” ते म्हणाले.

“तात्या, पण ते पान कुणाला दिसतच नाहीये!”

“मग तर काळजीच न्हाई. बघितलंच न्हाई तर नावं कोन ठिवनार?”

राजकारणात माणसाला किती लांबचं दिसतं ते मला त्या दिवशी कळलं. फ्लेक्सवर काय लिहिलंय ते मात्र स्टँडवर उतरल्यावरच दिसलं. रविवारी मारुतीच्या पारावर माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि तात्यांचं भाषण. भाषणात मी सुरुवातीला वेबसाईट शिकलेली होते, मधे इंजिनिअर झाले आणि शेवटी शेवटी तर परदेशातल्या कंपन्या माझ्या मागे लागल्या. आण्णा मांडवाच्या कडेला उभे राहून ऐकत होते. त्यांनी टोपी काढून पुन्हा नीट बसवली.

सत्काराचा तोटा असा की त्यानंतर माणसाला काही येत नाही असं म्हणता येत नाही. लोक मोबाईल घेऊन यायला लागले. कुणाचा हँग होत होता, कुणाला सातबारा काढायचा होता, एकाला सुनेच्या फोनचं लॉक उघडून हवं होतं. मी म्हणे, मला हे येत नाही, मी अजून शिकतेय. तर ते कौतुकाने बघत आणि म्हणत, “केवढी शिकली, पर गर्व न्हाई बगा.” केडगावला क्लासमध्ये मात्र उलटं. सर एखादी गोष्ट शिकवत, मी ती घोटून घोटून पाठ करी, आणि मग सर सांगत की आता असं कुणी करत नाही, याची नवी पद्धत आली आहे. गावात मी शिकून संपलेली आणि क्लासमध्ये मी सुरूच न झालेली, अशा दोन टोकांमध्ये मी लाल डब्याने ये-जा करत होते.

आणि अपेक्षेप्रमाणे स्थळ आलं. राहुरीकडचं. तात्यांनीच आणलं होतं. मुलाची ठिबकच्या सामानाची एजन्सी होती आणि त्यांना ‘घरातच वेबसाईट करणारी’ सून मिळाली तर हवीच होती. मी आण्णांना म्हटलं, “आण्णा, माझं शिक्षण चालू आहे.” ते म्हणाले, “पूर्न झालंय म्हनून पारावर शाल घेतलीस ना, बाय?” आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला भांडताही आलं नाही. माझा मात्र राग राग झाला. तात्यांवर, फ्लेक्सवर, त्या न दिसलेल्या रंगसंगतीवर. आयुष्यात पहिल्यांदा मला मनापासून ढ ठरायचं होतं आणि कुणी ठरवायला तयार नव्हतं.

पाहुणे आले. पोहे झाले. मुलाच्या आईने स्वयंपाकाचं विचारलं, मी खरं ते सांगितलं, त्यांनी ते मनावर घेतलं नाही. मुलगा चांगला होता, माझ्याइतकाच अवघडून बसला होता. मग मुलाच्या मामांनी खिशातून मोबाईल काढला.

“दाखवा की त्ये लिंबाचं पान. लई ऐकलंय.”

उघडत नाही हे ठाऊक असूनही तात्यांनी मोठ्या उत्साहाने लिंक पाठवली. मामांनी ती दाबली. मोबाईल लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. पांढऱ्या पडद्यावर साईट उघडत नसल्याचं इंग्रजीत लिहून आलं.

“आमच्या गावाला रेंजच न्हाई,” तात्या म्हणाले.

“रेंजचा प्रश्न न्हाई तो,” आण्णा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. बैठकीत आण्णा बोलत नाहीत, बोलायचं काम तात्यांचं असतं.

“मी टाकीवर चढून बगितलंय. तितं चार काड्या येत्यात. तरीबी उघडत न्हाई. तिनं टाकलं त्या दिवसापून रोज दाबतोय मी. सगळे लिवत हुते, छान हाय, झकास हाय. मला वाटलं, समद्यांला दिसतंय अन् मलाच दिसना, म्हंजी माजाच मोबाईल फुटका. न्हाईतर मलाच दाबता येत न्हाई.” मग पाहुण्यांकडे पाठ करून ते माझ्याकडे वळले. “का उघडत न्हाई गं?”

एवढ्या सत्कारात, एवढ्या हारतुऱ्यांत, त्या पानाबद्दल मला कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. टाकीची शिडी मला माहीत आहे. गुडघे दुखतात म्हणून आण्णा देवळाच्या पायऱ्यासुद्धा टाळतात. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. पाहुण्यांना वाटलं, मुलगी लाजली.

मी सांगितलं. तो पत्ता माझ्या लॅपटॉपच्या आतला आहे. पान सगळ्यांना दिसेल असं बाहेर ठेवायला वेगळं शिकावं लागतं, आणि ते मला अजून येत नाही.

“म्हंजी शिकायचं ऱ्हायलंय,” आण्णा म्हणाले.

“हो.”

“लई?”

“लई.”

आण्णांनी मामांपुढे पानाचं तबक सरकवलं. “पाव्हनं, तुमाला तसदी झाली. पोरगी शिकतीय अजून. आमचा शब्द हाय तसा.” तात्यांनी तोंड उघडलं होतं, पण त्यांची भाषणं सगळी माझं शिक्षण पूर्ण झाल्याच्या बाजूची होती. मुलाच्या आईचा चेहरा उतरला. मुलाचा मात्र उजळला, हे मी पाहिलं, आणि जरा लागलंसुद्धा.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी आण्णा ओट्यावर येऊन बसले. “आन तुजा त्यो लॅपटॉप.”

मी पान उघडून दिलं. त्यांनी हात धोतराला पुसले आणि दोन्ही हात मांडीवरच ठेवले, कशाला लागू नयेत म्हणून. मी पान खाली खाली सरकवत होते आणि ते एक एक ओळ ओठ हलवत वाचत होते. सगळ्यात वरच्या फोटोवर त्यांनी मला पुन्हा न्यायला लावलं.

“हे लिंबू आपलं न्हाई.”

नव्हतंच. ते मी इंटरनेटवरून उचललं होतं. पिवळंधमक, दोन्ही टोकांना निमुळतं, कुठल्या तरी परक्या मुलखातलं. आमचं कागदी लिंबू गोल, पातळ सालीचं. चौकोन मधे आणायच्या खटपटीत लिंबाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

“बदलते,” मी म्हटलं.

“सकाळी चल बागंत. उन्हं चढायच्या आत काढ फोटू.” ते पडद्याकडेच बघत म्हणाले, “अन् शिकून कवा व्हईल ह्ये समदं?”

मला खोटं बोलता आलं असतं. सहा महिने, वर्ष, काहीही. पण हा माणूस माझ्यासाठी टाकीवर चढला होता.

“आण्णा,” मी म्हटलं, “ह्याच्यात शिकून होतच नसतं. रोज नवीन येतं.”

आण्णांनी गाडी गेली त्या वळणाकडे पाहिलं.

“ह्ये पाव्हन्यांपुडं बोलली न्हाईस ते बरं केलंस,” ते म्हणाले.