सयाबाईंचा धुरा

शनिवारी मारुतीच्या माळेसाठी कोणी रुईची पानं मागायला आलं, की सयाबाई प्रत्येक पान तोडण्याआधी उलटं करून बघायच्या. खाली फुलपाखराचं मोहरीहून बारीक, पांढरं अंडं असलं तर ते पान मिळायचं नाही. "देवाले दुसरं पान चालते. हिच्या पिल्लाले रुईबिगर काही चालत नाही," असं मागणाऱ्यालाच सुनावायच्या.

बिरसी गावाजवळ त्यांच्या आणि माझ्या धानाच्या शेतांच्या मधे एकच धुरा, म्हणजे बांध. इकडे धुऱ्यावर सगळे तूर लावतात. सयाबाईंनी तुरीच्या मधे रुई, तरवड, खुळखुळा अशी रानझुडपं राखलेली. मी धानाच्या दलालीतून स्वतःच्या हिमतीवर वर आलेला माणूस. वाया गेलेली जागा मला बघवत नाही. पहिल्याच वर्षी भांडलो. त्यांनी हुज्जत घातली नाही. हात धरून नेलं आणि पानाखालचं अंडं दाखवलं. मग मी दोरी लावून धुरा निम्मा-निम्मा वाटून घेतला. माझ्या अर्ध्यावर तणनाशक मारलं तेव्हा वारा त्यांच्या बाजूला वाहत होता, हे मला दिसत होतं. पण मजूर आले होते, पंप भरलेला होता.

आठ दिवसांत रुई करपली. सयाबाई वाळल्या पानांवरच्या अळ्या वेचून सुपात घेत होत्या आणि त्यांच्यासाठी हिरवं पान शोधत होत्या. जवळपास कुठेच नव्हतं.

मी नर्सरीतून ऑटोभर फुलझाडं आणली. त्यांनी उतरवू दिली नाहीत. "हे तं फुलपाखरायची खानावळ झाली गा. बाळंतपण कुठं करतीन त्या?" त्यानंतर बोलणं बंद.

मला याचा फार राग होता. गावात कोण फवारत नाही? त्यांच्याकडे सयाबाई चहा प्यायच्या. अबोला फक्त माझ्याशी. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी भेटायला कमी आणि जाब विचारायला जास्त गेलो. आख्खा धुरा तुमच्या नावे करतो, म्हटलं, पण माझ्याशीच अबोला काऊन, ते सांगा.

"बाकीच्यायले मालूमच नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "तुले मी अंडं दाखवलं होतं."

पंधरा दिवसांनी त्या गेल्या. त्यांच्या बाजूला रुईची दोन झुडपं बुडातून पुन्हा फुटली होती. तेरवी आटोपल्यावर त्यांचा मुलगा धुरा साफ करायला माझा पंप मागायला आला. मी त्याच्यावर ओरडलो, पंप दिला नाही. त्याने शेजारच्याचा नेला.