राख लावणारी सुईण

आमच्या मुरबाडची सुईण नुसती चहाला आली तरी दारातूनच ओरडायची, "पाणी तापवलंस का नाय गो?" मी पन्नाशीचा बाप्या माणूस, पण हाक ऐकली की आधी मीच चुलीकडे धावायचो.

माझी नात सातव्या महिन्यातच जन्मली. सुईणीने रीतीप्रमाणे नाळेला चुलीतली राख लावली. आठवड्याच्या आत पोर तापाने फणफणली. कशीबशी जगली, पण दोन वर्षांची झाली तरी आधाराशिवाय बसेना. सुनेच्या गरोदरपणात लागलेल्या ग्रहणाला आम्ही दोष देत होतो.

एकदा नातीला मांडीवर घेऊन सुईणच म्हणाली, "गिरान नाय दादा. दवाखान्यातली नर्सबाई बोलली, राखेनं इख चढतं. मीच लावलेली."

मग ती पुन्हा पोटुशी असलेल्या सुनेकडे वळली.

"आता राख नाय लावनार. बोलावशील ना गो मला?"

सुनेने तिच्या मांडीवरची पोर तेवढी काढून घेतली.